कुठवर आलं?

पुण्यात पेठेत कॉट बेसिसवर राहायचो तेव्हा माझ्या फोनमध्ये 'आग' नावाचा एक फोल्डर होता. त्यात मोटिव्हेशनचे 70 तरी व्हिडिओ असतील. पत्र्याच्या घरातून थेट लाल दिव्याच्या गाडीत बसलेल्यांची भाषणं आणि मागे ढोल-ताशे. बघताना अंगावर काटा यायचा. चहा संपेपर्यंत टिकायचा.

11 मार्च 2021 ला, तीन दिवसांवर आलेली राज्यसेवेची पूर्वपरीक्षा कोरोनामुळे पुढे गेली आणि पोरं शास्त्री रोडवर उतरली. मीही होतो. त्या रात्री मोटिव्हेशन कुणालाच कमी नव्हतं. परीक्षा 21 मार्चला झाली. मी राहिलो. पुढची दिली, तीही गेली. मग बॅग भरली आणि सांगवीला येताना मुद्दाम अंधार पडल्यानंतरची एसटी धरली. पारावर कुणी 'काय झालं रे निकालाचं?' विचारायला नको.

अण्णांनीही काही विचारलं नाही. त्या आठवड्यात शेतीची लाईट रात्रीची होती. बारा वाजता हाक आली, "ऊठ, बॅटरी धरायला चल."

नीरा डाव्या कालव्याचं आवर्तन नुकतंच होऊन गेलं होतं, त्यामुळे विहिरीला पाणी होतं. अण्णा खोरं घेऊन उसाला दारं धरत होते. थंडी होती, पाय चिखलात. मी सारखा बॅटरी लांब मारून किती राहिलंय ते बघत होतो.

"सगळ्या रानावर कशाला मारतोस? हितं मार, पायापाशी. दारं फुटलंय का बघू दे."

थोड्या वेळाने मी विचारलं, "अण्णा, तुम्हाला कंटाळा येत नाही?"

"येतो की. पण लाईट सकाळी जाती."

एवढंच. 20 वर्षं हा माणूस रात्री उठतोय, आणि मी समजत होतो की त्याला उठावंसं वाटतं म्हणून उठतो.

पहाटे बांधावर बसल्यावर त्यांनी एकच प्रश्न विचारला, "ही परीक्षा किती वयापर्यंत देता येती?"

"ओपनला 38."

"म्हंजी परीक्षा काय तुला थांब म्हणायची नाही. आपणच ठरवू."

ठरलं. अजून तीन प्रयत्न. दुपारपर्यंत बारामतीत एका दुकानात हिशेब लिहायचे, मग अभ्यास. आधी मला हे हरल्यासारखं वाटलं. पण शेवट कुठे आहे ते कळल्यावर पहिल्यांदा शांत झोप लागली. पेठेत मला प्रोत्साहन देणारे सगळे 'हार मानू नकोस' म्हणायचे. थांबलास तरी घर आहे, असं कुणी म्हटलं नव्हतं.

2025 पासून मुख्य परीक्षा वर्णनात्मक झालीय. नऊ पेपर, 1750 गुण. सगळ्या रानावर बॅटरी मारली की अजूनही पोटात गोळा येतो. म्हणून रोज एक उत्तर लिहितो, मूड असो-नसो. दोन प्रयत्न झालेत. एकात पूर्व निघाली, मुख्य राहिली. शेवटचा बाकी आहे.

गाव अजून निकालाचं विचारतं. अण्णा रोज रात्री वेगळं विचारतात. परवाही विचारलं, "आज कुठवर आलं?"

"पंचायत राज संपलं."

"बरं. भाकरी घे अजून."