संत्र्याचा रस आणि घरचीं मुलें

देशाच्या औद्योगिक धोरणाचा विषय निघाला, म्हणजे सुशिक्षित घरांतील वडील मंडळी आंकड्यांवर वाद घालतात, आणि तरुण मंडळी तो वाद अर्ध्यावर टाकून पुण्याच्या नोकरीचा अर्ज भरूं लागतात. आंकडे खोटे नसतात. परंतु ते जेथें खरे व्हावयाचे, तें ठिकाण कोणाच्या डोळ्यांपुढें नसतें. म्हणून या विषयाचा विचार आम्ही वर्ध्याकडील आमच्या कारंजा (घाडगे) या गांवापासून करूं इच्छितों.

२०११ सालच्या राष्ट्रीय उत्पादन धोरणाचा संकल्प असा होता, कीं २०२२ पर्यंत देशाच्या उत्पन्नांत कारखानदारीचा वांटा शेंकडा २५ व्हावा आणि १० कोटि नवे रोजगार निर्माण व्हावेत. २०१४ सालीं ‘मेक इन इंडिया’ची घोषणा झाली. पुढें उत्पादनाशीं निगडित प्रोत्साहनाची योजना १४ क्षेत्रांसाठीं आली, आणि तींत २०२१ सालीं अन्नप्रक्रियेसाठीं १०,९०० कोटि रुपये मंजूर झाले. तथापि कारखानदारीचा वांटा अद्यापि सहाव्या भागाच्या आसपासच घुटमळत आहे. केवळ पैसा नव्हता, असें म्हणवत नाहीं. मग उणें कशाचें?

आमच्या शिवारांत कापूस आहे, तूर आहे आणि संत्र्याच्या बागा आहेत. आंबिया बहाराचें फळ हिवाळ्याच्या तोंडीं आणि मृगाचें हिवाळा सरतांना उतरतें. मोठें, निर्दोष फळ व्यापारी उचलतो; बारीक व डागी फळ मातीमोल जातें. “मग त्याचा रस काढून विकावा, त्यांत कठिण तें काय?” असें आमच्या वहिनींनीं एके दिवशीं विचारलें. उत्तर दिलें आमच्या पुतण्यानें. तो रसायन-अभियांत्रिकी शिकलेला आहे. आपलें संत्रें सोलून खाल्लें तर गोड लागतें; परंतु त्याचाच रस काढून ठेवला, कीं कांहीं तासांत तो कडवट होतो. फळांतील एक बेचव द्रव्य रसाच्या आंबटपणामुळें हळूहळू पालटतें आणि त्याचें ‘लिमोनिन’ नांवाचें कडू द्रव्य बनतें. रस तापविला तर ही क्रिया अधिकच वेगानें होते. राळेसारख्या विशिष्ट कणांच्या थरांतून रस गाळल्यास हा कडवटपणा निघतो. पण त्यासाठीं यंत्र लागतें, प्रयोगशाळा लागते, आणि रोजचा रस रोज तपासणारा जाणता मनुष्य लागतो.

ज्ञानाधिष्ठित कारखानदारी म्हणतात ती हीच. जगांत संत्र्याचा रस सर्वांत अधिक निर्यात करतो ब्राझील देश. पण तेथील फळाची जात निराळी. तेथील कारखाना उचलून येथें मांडला, तर आमच्या फळाचा स्वभाव त्यास कळावयाचा नाहीं. तें ज्ञान येथेंच, आमच्याच फळावर मिळविलें पाहिजे. लिंबूवर्गीय फळांची केंद्रीय संशोधन संस्था हमरस्त्यानें जवळच, नागपुरांत आहे. तेथील विद्या येथवर आणणारीं माणसें मात्र आमच्याच घरांतून निघालीं पाहिजेत.

पुतण्याची इच्छा अशी, कीं नोकरी सोडून चार बागाइतदारांच्या साहाय्यानें येथें लहानसा कारखाना काढावा. दादांस हें मुळींच रुचलें नाहीं. “महिन्याचा पगार सोडून रस काढीत बसणार? आणि कर्ज घराच्या नांवावर?” हा त्यांचा प्रश्न अडाणीपणाचा नव्हे, घरांत दोन लग्नें व्हावयाचीं आहेत. येथें आम्हांस लक्ष्मणराव किर्लोस्करांची आठवण झाली. मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली संस्थेंतील शिक्षकाची नोकरी सोडून ते बेळगांवीं गेले. पाठीशीं वडील बंधु रामुअण्णा होते. लोखंडी नांगरानें जमीन नासेल, या भयानें शेतकरी प्रथम तो घेईनात. तरीहि दोघां भावांनीं धीर सोडला नाहीं, आणि १९१० सालीं किर्लोस्करवाडी उभी राहिली. ‘किर्लोस्कर ब्रदर्स’ या नांवांतच त्या धीराचा इतिहास आहे.

ज्ञानास फळ येण्यास वर्षें लागतात. सावकार किंवा बँक तितकें थांबत नाहीं. सरकारी योजनेसहि मुदत असते. थांबूं शकतें तें एकत्र कुटुंब. चार भावांची मिळकत एका चुलीवर येते, म्हणूनच एकास चुकण्याची आणि पुन्हा करून पाहण्याची सवड मिळते. पुष्कळ वाद होऊन आमच्या घरांत ठरलें तें असें: घरावर कर्ज काढावयाचें नाहीं, पण एक आंबिया आणि एक मृग, असे दोन बहार पुतण्यानें अल्प प्रमाणावर प्रयोग करावा, आणि तोंवर त्याच्या पगाराची अपेक्षा कोणीं ठेवूं नये. दादांनीं होकार दिला नाहीं. पण मागची रिकामी खोली झाडून घेण्यास सांगितलें.

वाचकांच्या घरींहि असा एखादा मुलगा किंवा मुलगी असेल. त्यांस धंदा साधेलच, असें अभिवचन आम्ही देऊं शकत नाहीं. परंतु राष्ट्राचें धोरण दिल्लींत लिहिलें गेलें, तरी तें आपल्या माजघरांत मान्य व्हावें लागतें, एवढें निश्चित.