चकाकी आणि काळी काच

नारायणगाव जुन्नरच्या पूर्वेस. त्यामुळे सकाळी नारायणगावच्या बाजारास निघालेला जुन्नरचा व्यापारी सूर्याकडे तोंड करून जातो आणि दिवस उतरताना सूर्याकडेच तोंड करून परततो. जुन्नरच्या पेठेतील एका किराणा व्यापाऱ्याची उभी हयात या रस्त्यावर गेली. साठी उलटल्यावर एकदा दुपारी चारच्या सुमारास बॉनेटवरून आणि डांबरावरून उसळलेल्या तिरिपीत कडेचा सायकलस्वार त्यांना अगदी जवळ येईपर्यंत दिसलाच नाही. तो बचावला, पण सूर्यास्तापूर्वीचे जेवण त्या दिवशी त्यांच्या घशाखाली उतरले नाही.

मुलाने पोलराइज्ड गॉगल आणला. साधी काळी काच सर्वच प्रकाश सारखा कमी करते; हिची रीत निराळी. सूर्यप्रकाशाची कंपने सर्व दिशांनी होतात, परंतु पाणी वा डांबर यांवरून तो परावर्तित झाला की त्यात आडवी कंपने अधिक उरतात. ही काच उभ्या कंपनांनाच वाट देते. पाण्यावरील चकाकी सर्वांत अधिक विझते ती सूर्य क्षितिजापासून सुमारे ३७ अंशांवर असताना. अशा वेळी डिंभे धरणाच्या काठावरून सूर्याच्या दिशेला, खाली पाण्यात पाहावे. १९२१ मध्ये युरोपहून बोटीने परतताना सी. व्ही. रामन यांनी निकोल लोलकातून असेच पाहिले होते. आकाशाचे प्रतिबिंब पुसले गेले, तरी समुद्र निळाच राहिला.

मावळतीचा सूर्य थेट डोळ्यांत येतो, तेव्हा मात्र ही काच केवळ काळी काच ठरते. तेथे गाडीची झडपच खाली ओढावी लागते, हे व्यापाऱ्यांना अनुभवाने कळले. माळशेज घाटात पावसाळ्यात तर ओल्या रस्त्याची चमक हीच निसरडेपणाची खूण. तेथे गॉगल उतरवलेला बरा. रात्री तो मुळीच घालू नये. अतिनील किरणांपासून संरक्षण हा वेगळा गुण. त्यासाठी 'यूव्ही ४००' ही नोंद पाहावी. (किंमत अधिक म्हणजे सर्व गुण आलेच, हा समज बाजारात मुरलेल्यांचाही सुटत नाही.)

परीक्षा त्यांनी गादीवरच केली. कॅल्क्युलेटरच्या पडद्यासमोर काच धरून हळूहळू फिरवली. एका जागी पडदा काळा पडला, आकडे दिसेनासे झाले. हमरस्त्यावर 'पोलराइज्ड' म्हणून घेतलेल्या जुन्या गॉगलमधून ते कसेही फिरवले तरी स्पष्ट दिसत राहिले.