सत्तरीनंतरचे इटालियन

इंग्लंडातील बेडफर्ड या गावी मी 1975 साली सांगलीहून लग्न होऊन आले. येथे इटालियन कुटुंबे पुष्कळ आहेत. 1950च्या दशकात इथल्या वीटभट्ट्यांना माणसे कमी पडू लागली, तेव्हा दक्षिण इटलीतील खेड्यांतून कामगार आणले गेले. माझ्या शेजारणीचे पती त्यांच्यापैकीच. अठराव्या वर्षी आले, इंग्रज मुलीशी लग्न केले आणि घरात साठ वर्षे इंग्रजीच नांदली.

तीन वर्षांपूर्वी त्यांना स्मृतिभ्रंशाने गाठले. आधी नावे विसरली, मग वार; आणि गेल्या हिवाळ्यापासून इंग्रजीच निसटू लागली. नंतर शिकलेली भाषा आधी जावी आणि आईच्या मांडीवर ऐकलेली मागे उरावी, असे या आजारात काही जणांच्या बाबतीत घडते. ते पत्नीशी इटालियन बोलू लागले. तिला कळेना. ते चिडत, ती न्हाणीघरात जाऊन रडे.

अखेर अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी तिने प्रौढांच्या वर्गात नाव घातले. एकटीने जाण्याचा धीर होईना, म्हणून मलाही ओढले.

इंग्रजीत निर्जीव वस्तूंना लिंग नसते. त्यामुळे मीठ पुल्लिंगी आणि खुर्ची स्त्रीलिंगी का, हे तिला उमगेना. शिक्षिकेने सांगितले, शब्दाच्या शेवटी ‘ओ’ असल्यास बहुधा पुल्लिंग, ‘आ’ असल्यास स्त्रीलिंग. आणि लगेचच ‘मानो’ म्हणजे हात, हा शब्द ओकारान्त असूनही स्त्रीलिंगी निघाला! तिने वही मिटली. मला मात्र हसू आवरेना. तो ओठ, ती जीभ आणि ते नाक एकाच चेहऱ्यावर सुखाने नांदवणाऱ्या भाषेत मी वाढले. “याचे कारण विचारायचे नसते, नुसते पाठ करायचे,” असे मी तिला सांगितले.

लिंग चुकले तरी घरात अडत नव्हते. अडले ते वेगळ्याच ठिकाणी. एका संध्याकाळी पतीच्या खांद्यावर शाल घालताना तिने विचारले, “सेइ फ्रेद्दो?” तिला वाटले, आपण थंडी वाजते का असे विचारतो आहोत. इंग्रजीत ‘तू थंड आहेस का’ असेच म्हणतात. तिने ते शब्दशः नेले. इटालियनमध्ये मात्र त्याचा अर्थ होतो, तू भावनाशून्य आहेस का? त्यांनी शाल भिरकावली आणि रात्रभर तोंड फिरवून निजले.

दुसऱ्या दिवशी ती माझ्या स्वयंपाकघरात बसून हे सांगत होती. इटालियन माणूस थंड ‘असत’ नाही, त्याच्यापाशी थंडी ‘असते’: “आइ फ्रेद्दो?” मी म्हटले, आमच्याकडे तर ती वाजते! भूकही आम्हाला लागते, आम्ही भुकेले असतोच असे नाही. ‘मि प्याचे’ म्हणजे हुबेहूब ‘मला आवडते’. आवडणारी वस्तू कर्ता, आणि एकाहून अधिक वस्तू आवडल्या की क्रियापद अनेकवचनी. ‘मि फान्नो माले ले गाम्बे’ यातही दुखणारे पायच कर्ते, जसे आपले ‘पाय दुखतात’. तिने हे सारे वहीत उतरवून घेतले. चार-पाच वाक्यांचे ते पान आजही त्यांच्या शीतकपाटावर चिकटवलेले आहे.

सगळे सुरळीत झाले असे नाही. त्यांच्या तोंडी पुस्तकी इटालियनपेक्षा गावची बोलीच अधिक येते, आणि ती कोणत्याही वर्गात शिकवत नाहीत. परंतु “आइ फ्रेद्दो?” असे विचारले की ते मान हलवून होय किंवा नाही म्हणतात. काय दुखते तेही सांगतात. गुडघे दुखतात हे तिला चार महिन्यांनी कळले.

त्या रात्री मला झोप लागली नाही. माझी इंग्रजीही बाविसाव्या वर्षानंतरचीच. उद्या ती गेली, तर ‘पाणी दे’ हे मी कोणाला सांगणार? मुलीला मराठी फारशी शिकवली नाही. शाळेत गोंधळ होईल, असे त्या काळी सगळेच म्हणत, आणि आम्ही ऐकले.

आता दर रविवारी फोनवर आमचा अर्धा तास मराठीचा असतो. बाराखडी नाही, गोष्टी नाहीत. कुठे दुखते, भूक लागली का, कूस बदलू का, एवढेच. परवा खिडकीबाहेर बर्फ पडत होते. मुलगी फार विचार करून, एकेक शब्द जुळवत म्हणाली, “आई, तू थंड आहेस का?”

“वाजते,” मी म्हटले. “थंडी वाजते. लिहून घे.”