मावशीची इटली, आईची नर्मदा

पाहुण्यांना आपलं गाव दाखवायचं म्हणजे एक परीक्षाच असते. ज्या रस्त्यावरून आपण वर्षानुवर्षं भाजी आणायला गेलो, त्या रस्त्यावर 'बघण्यासारखं' काय आहे, असं अचानक कुणीतरी विचारतं आणि आपली बोबडी वळते. त्यातून पाहुणा नुकताच परदेश फिरून आलेला असला, तर मग विचारूच नका!

आमची मावशी होळी आटोपल्यावर पुण्याहून जबलपूरला आली, तेव्हा तिच्या डोक्यात इटली अगदी ताजी होती. भिशीतल्या सहा मैत्रिणींबरोबर ती एका यात्रा कंपनीच्या सहलीतून टस्कनीत जाऊन आली होती. द्राक्षांच्या मळ्यांनी वेढलेल्या टेकड्या आणि टेकडीच्या माथ्यावर दगडी गावं! सॅन जिमिन्यानो नावाच्या गावात म्हणे कधीकाळी बहात्तर मनोरे होते. श्रीमंत घराणी एकमेकांवर कुरघोडी करायला ते बांधत. त्यातले आज चौदाच्या आसपास उरलेत. सिएनाचा मोठा चौक शिंपल्यासारखा उतरता आहे आणि तिथे दर उन्हाळ्यात दोनदा घोड्यांची शर्यत होते. कियांती भागात मावशीने आयुष्यात पहिल्यांदा वाईनचा घोटही घेतला. "द्राक्षासवच की गं, पण कडवट!" हा तिचा अभिप्राय.

"प्रत्येक टेकडीवर एक गाव गं ताई, चित्रातल्यासारखं!" मोबाईलमधले चारशे फोटो दाखवत मावशी म्हणाली.

"आमच्याकडे प्रत्येक टेकडीवर एक देव आणि प्रत्येक घाटावर एक बाबा," आई शांतपणे तूर निवडत म्हणाली.

पण मावशी केवळ फिरायला आली नव्हती. तिच्या पर्समध्ये एका फ्लॅटचा नकाशा होता.

फायलींच्या मागोमाग आलेलं घर

आमचं कुटुंब मूळचं नागपूरचं. एके काळी नागपूर आणि जबलपूर एकाच प्रांतात होती. १९५६ साली राज्यांची पुनर्रचना झाली, विदर्भ तेव्हाच्या मुंबई राज्यात गेला, नव्या मध्य प्रदेशाची राजधानी भोपाळला झाली आणि उच्च न्यायालय जबलपूरच्या वाट्याला आलं. नागपूरच्या कोर्टातले आमचे आजोबा फायलींच्या मागोमाग इथे आले. वडील पुढे गन कॅरेज फॅक्टरीत लागले. १९०४ पासूनचा हा तोफगाड्यांचा कारखाना म्हणजे इथल्या कितीतरी मराठी घरांचा पोशिंदा. आमच्या मराठीत बटाट्याचा 'आलू' आणि कोबीची 'पत्तागोभी' झाली, पण संकष्टी आणि हळदीकुंकू सुटलं नाही.

निवृत्तीनंतर बाबांनी ग्वारीघाटाच्या रस्त्याला तीन खोल्यांचं घर बांधलं. त्यांना जाऊन सहा वर्षं झाली. मी नोकरीनिमित्त मुंबईत दोन खोल्यांच्या जागेत राहते. आई बहात्तर वर्षांची, घरात एकटी. डिसेंबरात ती न्हाणीघरात घसरून पडली. शेजारच्या नावाड्याच्या सुनेने दार ढकलून तिला उठवलं, रिक्षातून दवाखान्यात नेलं आणि मगच मला फोन केला. हाड मोडलं नाही, पण त्या फोननंतर मला कित्येक रात्री धड झोप लागली नाही.

म्हणूनच मावशीने ठरवलं होतं की, ताईने घर विकावं आणि पुण्याला यावं. तिच्याच इमारतीत, पहिल्या मजल्यावर जागा रिकामी होती. लिफ्ट, समोर बाग, कोपऱ्यावर डॉक्टर. नाही म्हणण्यासारखं त्यात काहीही नव्हतं.

"आधी गाव बघ, मग घराचं बोलू," आई म्हणाली. मीही चार दिवसांची रजा काढून आले होतेच.

घाटावरची संध्याकाळ

पहिल्या दिवशी अर्थातच ग्वारीघाट. गौरीने इथे तप केलं म्हणून हा गौरीघाट, अशी लोकांची श्रद्धा. लांबच लांब पायऱ्या, रंगीत नावा, पाण्याच्या मधोमध नर्मदेचं छोटंसं देऊळ आणि पलीकडच्या काठावर गुरुद्वारा. इथूनच पूर्वी गोंदियाला जाणारी 'छोटी लाईन' धावायची. मावशी आईच्या पहिल्या बाळंतपणाला त्याच गाडीने आली होती. २०१५ मध्ये ती अरुंद रुळांची गाडी बंद झाली. आता त्या मार्गावर मोठी गाडी धावते.

दिवेलागणीला आरती सुरू झाली. द्रोणातले दिवे पाण्यात सोडले गेले. मावशीला भूक लागली, म्हणून आम्ही गक्कड-भर्ता घेतलं. शेणीच्या निखाऱ्यावर भाजलेले कणकेचे गोळे तुपात बुडवून वांग्याच्या भरतासोबत खायचे. "आपल्या खानदेशातल्या बट्टीची बहीणच की ही!" मावशी खूश झाली.

तेवढ्यात पायऱ्यांवरून "नर्मदे हर!" अशी हाक आली. पांढऱ्या वस्त्रातलं एक जोडपं होतं, पाठीवर पडशी आणि हातात काठी घेतलेलं. नर्मदा अमरकंटकला उगम पावते आणि सुमारे १३१२ किलोमीटर वाहत खंबातच्या आखाताला मिळते. नदी सतत उजव्या हाताला ठेवून, मध्ये कुठेही न ओलांडता, दोन्ही काठांनी तिला प्रदक्षिणा घालायची ही परिक्रमा. शास्त्रोक्त केली तर तीन वर्षं, तीन महिने आणि तेरा दिवसांची. हे दोघे कार्तिकी एकादशीनंतर ओंकारेश्वरहून निघाले होते. दक्षिण तटाने समुद्रापर्यंत जाऊन आता उत्तर तटाने अमरकंटककडे चालले होते.

आईने विचारलं, "आपण कुठले?"

"साताऱ्याकडचे," त्या बाई म्हणाल्या आणि एकदम थबकल्या. "अगंबाई, तुम्ही मराठी?"

त्या रात्री आमच्या घरी पिठलं, भात आणि कढी झाली. त्या बाईंच्या पायाला फोड आले होते. आईने कोमट पाण्याचं घमेलं त्यांच्यापुढे ठेवलं. जेवणं झाल्यावर तिने एक दोनशेपानी वही काढली आणि त्यांना त्यात गाव आणि तारीख लिहायला सांगितली. अशा तीन वह्या आईकडे आहेत. नाशिक, मिरज, परभणी, डोंबिवली, इचलकरंजी... बाबा गेल्यानंतरच्या वर्षापासून तिच्या दारी आलेल्या प्रत्येक परिक्रमावासीचं गाव त्यांत आहे. मला या वह्या ठाऊक होत्या, मावशीला नव्हत्या. रात्री उशिरापर्यंत तिच्या खोलीतला दिवा जळत होता.

तोललेला दगड

दुसऱ्या दिवशी मदनमहाल. काळ्या ग्रॅनाइटच्या प्रचंड शिळांवर गोंड राजांनी बांधलेली ही छोटी गढी, जणू टेहळणीची चौकीच. मावशीला सॅन जिमिन्यानोचे मनोरे आठवले. मी तिला सांगितलं, की गोंड राजा संग्रामशाहाचे बावन्न गड सांगितले जातात. त्याची सून म्हणजे राणी दुर्गावती. चंदेल घराण्यातली ही मुलगी लहान वयाच्या मुलाच्या नावाने राज्य चालवत होती. १५६४ साली अकबराचा सरदार आसफखान चालून आला, तेव्हा ती हत्तीवर बसून लढली आणि पकडलं जाण्यापेक्षा तिने मरण पत्करलं. शहरातला राणीताल तिच्या नावाचा, चेरीताल तिच्या दासीचा आणि आधारताल तिच्या मंत्र्याचा, असं सांगतात. राणीबरोबर दासीचंही नाव तळ्याला राहावं, हे मावशीला फार आवडलं.

वाटेवर तो प्रसिद्ध 'बॅलन्सिंग रॉक' आहे. एका शिळेवर दुसरी भलीमोठी शिळा, जेमतेम टेकलेली. आता पडेल, मग पडेल असं वाटावं अशी! २२ मे १९९७ च्या पहाटे जबलपूरला भूकंप झाला. घरं पडली, माणसं दगावली, पण ही शिळा ढळली नाही.

आई म्हणाली, "त्या दिवसानंतर आठवडाभर अख्खी गल्ली रस्त्यावर झोपली. कुणाच्या घरचा चहा, कुणाच्या घरची खिचडी. त्याआधी मी सगळ्यांना ओळखत होते. त्यानंतर ती माझी माणसं झाली."

मावशी काही बोलली नाही. नकाशा अजून पर्समध्येच होता.

संगमरवर आणि मोह

तिसऱ्या दिवशी पहाटेच भेडाघाटला निघालो. रस्त्याच्या कडेला बायका-मुलं टोपल्या घेऊन मोहाची फुलं वेचत होती. पिवळसर, रसरशीत फुलं पहाटे आपोआप गळतात. ती उन्हात वाळवून वर्षभर पुरवतात. त्यांचे लाडू होतात, भाकरीत घालतात आणि दारूही गाळतात. गोंड घरांत पूजेपासून लग्नापर्यंत तिला मान असतो. "म्हणजे तिकडे द्राक्षं, इकडे मोह!" मावशीने एक फूल तोंडात टाकलं. "हे मात्र गोड आहे हो."

भेडाघाटला पंचवटी घाटावरून नाव घेतली. दोन्ही बाजूंना शंभरेक फुटांचे संगमरवराचे कडे. कुठे दुधी, कुठे करडे, कुठे गुलाबी. नावाडी यमक जुळवत माहिती सांगत होता. राज कपूरच्या 'जिस देश में गंगा बहती है' या १९६० च्या चित्रपटाचं चित्रीकरण इथलंच. मावशीला टस्कनीतल्या कराराच्या खाणी आठवल्या. मायकेलअँजेलोने 'डेव्हिड' घडवला तो तिथल्याच संगमरवरातून. "तिथे माणसांनी डोंगर कापलेत," ती म्हणाली, "इथे नदीनेच कापलाय." पुढे धुवांधारचा धबधबा. पाण्याचे तुषार धुरासारखे उडतात, म्हणून हे नाव.

मग चौसष्ट योगिनींचं देऊळ. दहाव्या शतकात कलचुरी राजांच्या काळात बांधलेलं, वर्तुळाकार, वर छप्पर नसलेलं. नाव चौसष्टचं, पण आतले कोनाडे मोजले तर एक्क्याऐंशी भरतात. चढायला शंभरावर पायऱ्या. मावशी दोनदा टेकली. आई मात्र न थांबता वर पोचली.

"चढतेस तर छान," मावशी धापा टाकत म्हणाली, "पडतेस घरात!"

आम्ही तिघीही हसलो. पण त्या हसण्यातच विषयाला तोंड फुटलं. देवळाच्या ओट्यावर बसून मावशीने पर्स उघडली आणि नकाशा आईपुढे ठेवला.

"ताई, तुझ्या वह्या मी वाचल्या. इतकी माणसं तुझ्याकडे येऊन जेवतात, हे मला ठाऊक नव्हतं. पण ती दुसऱ्या दिवशी पुढे जातात गं. परवा तू पडलीस तेव्हा त्यांतलं कुणी नव्हतं."

"नावाड्याची सून होती," आई म्हणाली.

"रोज असेल?"

यावर आईकडे उत्तर नव्हतं, माझ्याकडेही नव्हतं. खाली नर्मदा वाहत होती. बऱ्याच वेळाने आई म्हणाली, "पावसाळ्यात चालणारेसुद्धा एका जागी थांबतात. चातुर्मासात परिक्रमा पुढे जात नाही. फरशी ओली असते, घाटावर पाणी चढतं, मलाही भीती वाटते. ते चार महिने मी तुझ्याकडे राहीन. घर मात्र विकायचं नाही. कार्तिकी एकादशीच्या आत मला इथे आणून सोडायचं."

"आणि मी तुझ्याबरोबर इथे महिनाभर राहणार," मावशी लगेच म्हणाली. "पिठलं मीही करते की!"

त्याच संध्याकाळी आम्ही सुताराला बोलावून न्हाणीघरात भिंतीला दोन दांड्या बसवून घेतल्या. खालची गुळगुळीत फरशी बदलायला टाकली. मागची खोली नर्सिंगचं शिक्षण घेणाऱ्या दोन मुलींना भाड्याने द्यायचं ठरलं. घराची एक किल्ली नावाड्याच्या सुनेकडे आणि रोज रात्री नऊ वाजता माझा फोन. पुण्याची पहिल्या मजल्यावरची जागा मावशीने विकत न घेता चार महिन्यांसाठी भाड्याने मिळते का, याची चौकशीही सुरू केली.

यामुळे सगळे प्रश्न सुटले असं नाही. आईचं वय वाढणारच आहे. एखाद्या वर्षी पायऱ्या चढवणार नाहीत, एखाद्या वर्षी कार्तिकात परत येता येणार नाही. तेव्हा पुन्हा बसून बोलावं लागेल. पण वयस्कर माणसाने 'कुठे राहावं' हे ठरवण्याआधी, ते 'कशात राहतं' हे पाहायला हवं, एवढं मात्र मला त्या तीन दिवसांत कळलं. आपण लिफ्ट, डॉक्टर, बाग मोजतो, आणि ती मोजायलाच हवीत. पण त्यांच्या जोडीला हाक मारणारी माणसं आणि आपण कुणाच्या उपयोगी पडतो ही भावना, यांचाही हिशेब मांडावा लागतो. आणि दुसऱ्या बाजूने, आपलं घर न सोडणाऱ्या आईवडिलांनीही 'मला काही होत नाही' हे पालुपद सोडून, न्हाणीघरातली दांडी आनंदाने बसवून घ्यावी. दोघांनी एकेक पाऊल पुढे टाकलं, तर वाट निघते.

तेव्हा तुमच्या घरी बाहेरगावचं कुणी आलं, तर त्यांना नुसती प्रेक्षणीय स्थळं दाखवू नका. घरातल्या वडीलधाऱ्यांनाही बरोबर घ्या आणि वाट त्यांना दाखवू द्या. ती कुठे थांबतात, कुणाशी बोलतात, याकडे लक्ष ठेवा. मावशी पुण्याला परतली तेव्हा तिच्या मोबाईलमध्ये टस्कनीच्या चारशे फोटोंना जबलपूरचे दीडशे फोटो येऊन मिळाले होते. मला पाठवताना तिने त्यांतला एकच निवडला. त्यात संगमरवर नाही, धबधबा नाही. आईच्या वहीचं एक पान आहे आणि त्याच्या शेवटच्या ओळीत मावशीच्या अक्षरात लिहिलंय, 'पुणे. पुन्हा येणार.'