म्हैसूरची येझदी, माझे काळे हात

भेटेल त्याला मी सध्या एकच गोष्ट सांगत सुटले आहे आणि घरचे ऐकून ऐकून वैतागले आहेत. तेव्हा आता लिहूनच टाकते: इंजिन आपल्याला कळू शकतं! आपल्याला म्हणजे खरंच आपल्याला. इंजिनिअरिंगची पायरी न चढलेल्या, गाडी बंद पडली की आधी देवाला आणि मग मेकॅनिकला हाक मारणाऱ्या तुम्हा-आम्हाला. इंजिन उघडता येतं, पुसता येतं, परत लावता येतं आणि लावल्यावर ते चक्क सुरू होतं!

माझ्या या वेडाचं कारण आहे एक जुनी येझदी २५०, १९७०च्या दशकातली. नवऱ्याच्या बदलीमुळे कोल्हापूर सोडून आम्ही म्हैसूरला आलो. सरस्वतीपुरममधल्या आमच्या घरामागच्या गल्लीत एका निवृत्त प्राध्यापकांच्या पडवीत ती गोणपाटाखाली उभी होती. गुजरीत, म्हणजे भंगारात, जायच्या बेतात. आम्ही ती घेतली. कागदपत्रं शाबूत होती. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांनी संपते आणि पुढे तपासणी करून दर पाच वर्षांनी वाढवून घ्यावी लागते, ते सोपस्कार उरकले. गाडी मात्र सुरू होईना. आसपासच्या गॅरेजमधल्या तरुण पोरांनी तिच्याकडे पाहून हात जोडले. पॉइंटवाली गाडी? नको मॅडम, त्यापेक्षा नवी घ्या.

मग कुणीतरी यादवगिरीतल्या एका वयस्कर कारागिराचा पत्ता दिला. सगळे त्यांना मेष्ट्रू, म्हणजे उस्ताद, म्हणतात. त्यांनी गाडीभोवती एक चक्कर मारली, टाकीवर थाप दिली आणि पाना माझ्या हातात ठेवून म्हणाले, "नीवे माडी, अम्मा." तुम्हीच करा!

पहिलं काम प्लगचं. बॉक्स पान्यानं प्लग काढला. टोक काळंकुट्ट, तेलकट. पुसायला गेले तर मेष्ट्रूंनी थांबवलं. आधी वाचा, मग पुसा. प्लग वाचायचा असतो! टोक कोरडं आणि फिकट तपकिरी असेल तर इंजिन खुशीत आहे. कोरडी काजळी धरली असेल तर पेट्रोल जास्त आणि हवा कमी. ओलं, तेलकट असेल तर ऑइल जास्त पडतंय किंवा ठिणगीत दम नाही. आणि पांढरंफटक असेल तर सावधान, इंजिन तापतंय, तसंच दामटलं तर पिस्टन जाम होणार. एवढासा प्लग, आणि आतली सगळी हकिकत त्याच्या टोकावर लिहिलेली! मी इतकी वर्षं स्कूटर चालवली आणि हे वाचायला मला कुणी शिकवलंच नव्हतं.

मग त्यांनी तो प्लग वायरीच्या टोपीत खोचला, त्याचं धातूचं अंग इंजिनाला टेकवलं (पण प्लगच्या भोकापासून लांब, तिथून पेट्रोलची वाफ बाहेर पडते) आणि मला किक मारायला सांगितलं. ठिणगी आलीच नाही. "पॉइंट," मेष्ट्रू म्हणाले.

इंजिनाच्या उजव्या बाजूचं झाकण काढलं. आत डायनामो आणि त्याच्याबरोबर नखाएवढे दोन धातूचे ठिपके, एकमेकांना भिडलेले. हेच ते पॉइंट, ज्यांच्या नावानं गॅरेजवाली पोरं पळाली होती! शाफ्ट फिरला की त्यावरचा उंचवटा त्यांना क्षणभर अलग करतो. ते अलग झाले की कॉइलमधला प्रवाह तुटतो आणि त्या तुटण्यातून दुसऱ्या वेटोळ्यात हजारो व्होल्टचा दाब तयार होतो. सहा व्होल्टच्या बॅटरीतून हजारो व्होल्ट! मायकेल फॅरडेनं १८३१मध्ये दाखवलेलं विद्युतचुंबकीय प्रवर्तन मी शाळेत घोकून पाच मार्कांसाठी लिहिलं होतं. ते म्हैसूरच्या एका अंगणात, ग्रीसनं माखलेल्या माझ्या बोटांखाली होतं. दोन-स्ट्रोक इंजिनात प्रत्येक फेऱ्याला एक ठिणगी लागते. म्हणजे इंजिन मिनिटाला ३,००० फेरे घेत असताना हे पॉइंट सेकंदाला ५० वेळा उघडतात आणि मिटतात. आणि यांना आपण कधी साधं पुसतही नाही!

काम काय होतं? बारीक पॉलिश पेपरनं दोन्ही ठिपक्यांवरची काळी साय काढायची, स्वच्छ कागद मध्ये धरून ओढून घ्यायचा आणि फीलर गेजची ०.४ मिलिमीटरची पट्टी मध्ये घालून फट लावायची. पट्टी किंचित अडत सरकली पाहिजे. सैल नको, घट्ट नको. स्क्रू आवळताना फट हलते, म्हणून आवळल्यावर पुन्हा मोजायची. झाकण उघडंच ठेवून प्लग परत इंजिनाला टेकवला, किक मारली आणि टक्! निळी ठिणगी! मी इतक्या मोठ्यानं ओरडले की शेजारच्या आजी बाहेर आल्या. त्यांनाही किक मारून ठिणगी दाखवली.

त्या संध्याकाळपासून मला झोप नाही. पुढे काय उघडू? कार्बोरेटर! जुन्या जावा-येझदींवरचा हा जिकॉव्ह, मूळ चेक रचनेचा. टाकीचा कॉक बंद केला, नळी काढली, खालची वाटी सोडवली. वाटीत पिवळट चिकट साका. पेट्रोल वर्षानुवर्षं उभं राहिलं की हवेत उडणारं उडून जातं आणि मागे हा डिंक उरतो. त्यानं जेट बुजतात, आणि जेटची भोकं तरी केवढी, उजेडाकडे धरल्याशिवाय दिसत नाहीत. ती तारेनं टोकरायची नाहीत, भोक मोठं होतं आणि पेट्रोलचं माप कायमचं बिघडतं. भिजवायची आणि हवा मारायची. पितळेचा तो इवला जेट धुऊन डोळ्याला लावला आणि त्यातून गोल, स्वच्छ आभाळ दिसलं. काय आनंद होतो म्हणून सांगू!

आणि एक तातडीची गोष्ट. आता पंपावरच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. जुन्या गाड्यांच्या रबरी नळ्या आणि वॉशर त्यासाठी बनलेले नाहीत. ते फुगतात, चिरतात. शिवाय इथेनॉल ओलावा ओढून घेतं, त्यामुळे बरेच दिवस उभ्या गाडीची टाकी आतून गंजते. तेव्हा जुनी गाडी असेल तर पेट्रोलची नळी आजच वाकवून बघा. चिरा दिसल्या तर इथेनॉल सोसणारी नळी बसवा, आणि टाकीत महिनोन्‌महिने पेट्रोल साठवू नका.

पण खरा धक्का पुढे होता. सिलिंडरचं हेड काढून आत पाहिलं, तर आत काही नाहीच! वाल्व्ह नाहीत, ते उघडझाक करणारा कॅमशाफ्ट नाही. मेष्ट्रूंनी पिस्टन हातानं वर-खाली करून दाखवला. सिलिंडरच्या भिंतीत खिडक्या आहेत, त्यांना पोर्ट म्हणतात. पिस्टन सरकतो आणि स्वतःच त्या खिडक्या उघडतो, मिटतो. वर जाताना खालच्या क्रँककेसमध्ये ताजं मिश्रण ओढतो, खाली येताना तेच दाबून वर ढकलतो आणि जळलेला वायू बाहेर हाकलतो. सगळी कामं एकटा करतो! पिस्टन, कनेक्टिंग रॉड, क्रँक. हलणारे मुख्य भाग तीन. आणि मिश्रण क्रँककेसमधूनच जात असल्यामुळे तिथे ऑइल भरून ठेवता येत नाही, ते पेट्रोलमध्येच मिसळावं लागतं. लहानपणी पंपावर वडील लिटरमागे ऑइल का मोजून घालायचे, ते मला आत्ता, चाळिशीत कळलं!

जळलेलं ऑइल मात्र कुठेतरी साचणारच. एका सिलिंडरला दोन सायलेन्सर ही या गाडीची मिजास. त्यांच्या आतल्या जाळ्या बाहेर काढल्या तर वर्षानुवर्षं न घासलेल्या कढईच्या बुडावर असतो तसला थर. गाडी चढाला का रडते याचं अर्धं उत्तर तिथे होतं. वायूला बाहेर पडायला वाटच नाही, तर नवा आत येणार कसा? पिस्टन अगदी खाली ठेवून पोर्टमधला कार्बन लाकडी चिपेनं खरवडला (लोखंडी हत्यार नको, सिलिंडरवर ओरखडे उठतात) आणि जाळ्या घासून काढल्या.

आणि तो गिअरचा दांडा! किक आणि गिअर एकच! डाव्या बाजूचा दांडा आत दाबून वर फिरवला की किक होते, खाली आणला की गिअर. एवढंच नाही, गिअर टाकताना हाच दांडा आतून क्लच सोडवतो, त्यामुळे डाव्या हातानं क्लच न दाबताही गिअर बदलता येतो. कुणाच्या डोक्यातून हे निघालं असेल?

ते शोधायला गेले आणि दुसरं दालन उघडलं. फ्रान्टिशेक यानेचेक नावाच्या चेक उद्योजकानं प्रागमध्ये १९२९ साली जावा सुरू केली. त्याआधी तो शस्त्रं बनवायचा. १९५०च्या दशकात मुंबईतले इराणी या गाड्या परदेशातून आणून विकत. पुढे आयातीवर बंधनं आली, तेव्हा रुस्तम आणि फारुख इराणींनी इथेच कारखाना काढला, आयडियल जावा, म्हैसूरच्या यादवगिरीत! उद्घाटन जयचामराजेंद्र वडियारांच्या हस्ते झालं आणि १९६१मध्ये गाड्या बाहेर पडू लागल्या. १९७३ पासून त्यांच्यावर येझदी हे नाव आलं, १९७८मध्ये रोडकिंग आली. मग कमी पेट्रोल पिणाऱ्या चार-स्ट्रोक गाड्या आल्या, धुराचे नियम कडक होत गेले आणि १९९६ साली कारखाना बंद पडला. जावा हे नाव २०१८ साली आणि येझदी २०२२ साली नव्या कंपनीनं परत आणलं, पण त्या गाड्या चार-स्ट्रोक आहेत आणि मध्य प्रदेशात पिथमपूरला तयार होतात.

म्हणजे माझी गाडी जिथे जन्मली, तिथून हाकेच्या अंतरावर ती पुन्हा जिवंत होत होती! आणि माझ्या हातात पाना देणारे मेष्ट्रू? त्याच कारखान्यात उमेदीची वर्षं इंजिनं जुळवत होते. हे त्यांनी इतक्या सहज सांगितलं की मी हातातला स्क्रू-ड्रायव्हर खाली ठेवला. म्हैसुरात राजवाडा बघायला जग येतं, मीही पाहुण्यांना तोच दाखवत होते. या शहरात इंजिनं हातानं बांधणारी माणसं होती, त्यातली काही अजून आहेत आणि विचारलं तर शिकवतात, हे मला कुणी सांगितलंच नव्हतं! जुलैच्या दुसऱ्या रविवारी देशभर जावा-येझदीवाले आपापल्या गाड्या घेऊन जमतात. तेव्हा धुराच्या त्या ढगात मीही उभी असणार.

चामुंडीचा डोंगर समुद्रसपाटीपासून १,००० मीटरहून उंच. सगळं जुळवल्यावर त्या घाटात गाडी घातली. दुसऱ्या गिअरवर ती न अडखळता, धडधडत, निळसर धूर सोडत वर चढली आणि वळणावळणावर मला माहीत होतं की आत आत्ता काय चाललं आहे! पिस्टन वर, खिडकी बंद, पॉइंट अलग, ठिणगी. इतकी वर्षं मी गाडीवर नुसती बसत होते.

आता जरा जमिनीवर येते. सगळं घरी करायचं नसतं. क्रँकची ऑइल सील गेली तर इंजिन गिअरबॉक्सचं ऑइल ओढतं, दाट पांढरा धूर येतो आणि गिअरबॉक्समधलं ऑइल कमी होत जातं. हे ओळखणं आपलं काम, पण दुरुस्तीला अख्खं इंजिन फोडावं लागतं, ते जाणत्या हाताकडे द्यावं. सिलिंडर बोअर करायचा तो लेथवाल्याकडूनच. ब्रेकच्या ड्रममधली धूळ फुंकरीनं उडवू नका, जुन्या लायनरमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतं. ओल्या फडक्यानं पुसा. ब्रेकचं काम स्वतः केलंत तर रस्त्यावर काढण्याआधी माहितगाराला दाखवा. पेट्रोलचं काम मोकळ्या हवेत, बॅटरीची वायर काढून. जवळ देवघरातली समईसुद्धा नको. प्रत्येक भाग सोडवण्याआधी फोटो काढा आणि नट-बोल्ट वेगवेगळ्या डब्यांत ठेवा.

एवढं सांभाळलं की बाकी सगळं तुमचं आहे! येझदीच हवी असं नाही. तुमच्या दारात जुनी मारुती ८०० असेल, वडिलांची बजाज चेतक असेल, मामांची राजदूत असेल. प्लग, एअर फिल्टर, बॅटरीची टोकं, केबलींना तेल. सुरुवात कुठूनही होते. पान्यांचा एक बरा संच, बॉक्स पाना, फीलर गेज, पॉलिश पेपर, जुन्या सुती कपड्याच्या चिंध्या, सामान एवढंच. आणि तुमच्या गावातही एक मेष्ट्रू असणार, वय झालेला, रिकाम्या गॅरेजच्या दारात बसलेला. त्यांच्याकडे गाडी दुरुस्तीला टाकून येऊ नका, शेजारी स्टूल टाकून बसा आणि पाना मागा. ही माणसं आहेत तोवरच हे शिकता येईल. गाडी भंगारात द्यायची असेल तर खुशाल द्या, पण त्याआधी एकदा, फक्त एकदा, तिचा प्लग स्वतःच्या हातानं काढून वाचा.