ओल्या वाळूवरची पावले

वर्षापूर्वी खुब्याचे हाड मोडले, तेव्हापासून आई उंबरठा ओलांडण्यास धजत नव्हती. हाड जुळले होते. तरी डॉक्टर असूनही मी तिला केवळ ‘जपून’ एवढेच सांगत राहिलो. गेल्या माघात आम्ही सारे गुहागरला गेलो. सकाळची ओहोटी, सुरूच्या बनापलीकडे निवांत किनारा. कोरड्या वाळूत पाय रुतून तोल जातो. म्हणून तेवढा पट्टा तिला दोघांनी धरून पार करविला. पुढची ओली वाळू घट्ट होती. तेथे काठी आणि माझा हात यांच्या आधाराने ती वीस पावले चालली. वार्धक्यात तहान उशिरा जाणवते, म्हणून न मागताच पाणी दिले. उन्हे चढण्यापूर्वी परतलो. खोलीवर येताच ती म्हणाली, “उद्या पुन्हा जाऊ या.” वर्षभरात तिने प्रथमच उद्याविषयी काही बोलून दाखविले होते.