बर्फावरचे पहिले पाऊल

सुट्टी म्हणजे गावी जाणे, लग्नकार्य उरकणे किंवा घराची डागडुजी करणे, एवढेच आमच्या घराला ठाऊक होते. आईने विड्या वळून आम्हा चार भावंडांना शिकवले. नुसत्या आनंदासाठी पैसे खर्चून कुठे जावे, हा विचार तिच्या मनात कधी आला नाही. येत्या डिसेंबरात आम्ही स्कीइंग शिकायला जाणार, हे ऐकून ती नागपूरहून फोनवर म्हणाली, "हाडं मोडून घ्यायला कोणी पैसे देते का गं?"

आईचा प्रश्न रास्तच आहे. पायांना लांब पट्ट्या बांधून बर्फाच्या उतारावरून घसरायचे, यात आपल्यासारख्यांचे काय? पण आम्ही स्टॉकहोमला राहतो. मी बालवाडीत काम करते, आमचे हे बस चालवतात. इथल्या शाळा हिवाळ्यात मुलांना बर्फावर नेतात. गेल्या वर्षी सारा वर्ग उतारावर होता आणि आमची नऊ वर्षांची मुलगी खाली थर्मासपाशी बसून होती. "मला थंडी वाजत होती," एवढेच ती घरी येऊन म्हणाली. खरे कारण मला विचारावे लागले नाही.

हा खेळ श्रीमंतांचा, असे मीही समजत होते. वाचल्यावर कळले की आधुनिक स्कीइंगचा जनक मानला जाणारा सोन्द्रे नोरहाइम हा नॉर्वेतील टेलेमार्क भागातला एक गरीब कूळ होता. दुसऱ्याच्या जमिनीवर राहणारा. त्याने टाचेमागून जाणारे पिळलेल्या फांद्यांचे बंध वापरले, त्यामुळे वळताना आणि उडी घेताना पट्टी पायातून निसटेना. १८६८ साली राजधानीतील स्पर्धा त्याने जिंकली, तेव्हा त्याने चाळिशी ओलांडली होती. पुढे पोटासाठी तो अमेरिकेला गेला आणि १८९७ मध्ये तिथेच वारला.

आम्ही निवडलेले सेलेन हे स्वीडनमधील ठिकाण. इथून मोरापर्यंत ९० किलोमीटरची 'वासालोपेत' ही शर्यत १९२२ पासून होते. १९२३ मध्ये मार्गित नॉर्दिन या शिक्षिकेने ती पूर्ण केली. दुसऱ्याच वर्षी स्त्रियांना बंदी झाली आणि ती उठायला १९८१ साल उजाडले! बायकांना न झेपणारी म्हणून बंद केलेली वाट एका बाईने आधीच चालून दाखवली होती. मुलीला मी ही गोष्ट दोनदा सांगितली.

आता आमचा बेत. नाताळात आणि फेब्रुवारीतील शाळेच्या हिवाळी सुट्टीत घरभाडे फार चढते. म्हणून डिसेंबरच्या पहिल्या पंधरवड्यातील शुक्रवार ते रविवार धरला. शुक्रवारची शाळेची परवानगी घ्यायची. मोरापर्यंत रेल्वे, पुढे बस. हंगामाच्या सुरुवातीला नैसर्गिक बर्फाचा भरवसा नसतो. हवा गोठणबिंदूखाली गेली की यंत्रे पाण्याचे फवारे उडवून बर्फ तयार करतात. फिनलंडमधील लेवी आणि रुका इथे तर उन्हाळाभर झाकून साठवलेला बर्फ पसरून ऑक्टोबरातच हंगाम सुरू करतात. अशा वेळी थोडेच उतार खुले असतात. पण शिकाऊ माणसाला डोंगर कशाला हवा? एक सौम्य उतार आणि वर नेणारा सरकता पट्टा पुरे. पैसे भरण्याआधी तेवढे सुरू होणार का, हे मात्र विचारून घ्यावे. उतारांना रंग असतात: हिरवा सर्वांत सोपा, मग निळा, लाल आणि काळा. आम्ही हिरव्यावरच राहणार.

अगदी उत्तरेला जाण्याचा मोह टाळला. ध्रुववृत्तापलीकडे डिसेंबरात काही आठवडे सूर्य उगवतच नाही. सेलेनला दिवस आखूड असला तरी उजेड मिळतो.

पट्ट्या, बूट, काठ्या, हेल्मेट सारे भाड्याने मिळते; विकत काही घ्यायचे नाही. शिकवणीचे पैसे मात्र वाचवायचे नाहीत. पट्ट्यांची टोके पुढे जवळ आणून वेग कसा आवरायचा, हे शिक्षक आधी शिकवतात. अंगालगत लोकरीचे कपडे हवेत. सुती कपडा घामाने भिजला की गारठा धरतो. लाकडी घरात स्वयंपाकाची सोय आहे, म्हणून बेसन, तांदूळ आणि तिखटाची पुडी बरोबर. चादरी आपल्याच न्यायच्या आणि निघताना घर आपणच झाडून-पुसून द्यायचे. ते काम आपल्याला कोणी शिकवायला नको!

भारतातून येणाऱ्यांनी प्रवासाच्या विम्यात स्कीइंगचा समावेश आहे ना, हे आवर्जून पाहावे. अनेक विम्यांत तो नसतो.

भगिनींनो, मुलांची फी आणि वह्या-पुस्तके यांसाठी आपण पोटाला चिमटा घेतो. तो घ्यायलाच हवा. पण जिथे बाकीची मुले खेळतात, तिथे आपले मूल बाजूला बसू नये, हेही त्याच शिक्षणात येते. म्हणून वर्षभर दर महिन्याला थोडे बाजूला टाकले. मी पडणार, हे ठरलेलेच आहे. चाळिशीतली आई पडते, हसते आणि पुन्हा उठते, हे मुलीने पाहावे, एवढीच इच्छा आहे.